धूम्रकुळाची जादा खाच

"मॅडम, धूम्रकुळाच्या खुणेत एक खाच जास्त का आहे?"

सोमवारची अकराची मीटिंग होती. आमचे डायरेक्टर निखिल सर पुण्यातल्या ऑफिसात, मी परभणीत विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये, डायनिंग टेबलावर लॅपटॉप ठेवून. मागे कुकरची दुसरी शिट्टी झाली. मी म्यूट काढला आणि म्हणाले, "विचारपूर्वक ठेवली आहे, सर."

हे खोटं होतं.

"म्हणजे दीपकुळ आणि धूम्रकुळ मुळात एकच?"

"हो."

"सख्खे भाऊ?"

"हो, सर."

निखिल सर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे आहेत. खूश झाले की खुर्चीतून उठून उभे राहतात. ते उभे राहिले. स्क्रीनवर फक्त त्यांचा शर्ट दिसायला लागला. शर्ट म्हणाला, "मग हे बायबलमध्ये का नाही?"

"माझ्या हस्तलिखित वहीत आहे. आधी मी सगळं वहीतच लिहिते."

"त्या पानाचा फोटो शुक्रवारपर्यंत पाठवा. सूर्यभक्षकापेक्षा हे फार मोठं आहे, मॅडम. एवढी चांगली गोष्ट दडवून कशाला ठेवलीत?"

वहीत असलं काहीही नव्हतं.

इथे माझं काम काय ते सांगते, कारण ते कुणालाच माहीत नसतं. माझ्या नणंदेला अजून वाटतं मी डेटा एन्ट्री करते. मी एका गेम कंपनीत लोर लीड आहे. आमचा गेम 'बारा चंद्र'. हा रोल-प्लेइंग गेम आहे. म्हणजे खेळणारा त्यातलं एक पात्र होतो, त्या जगात हिंडतो, लोकांशी बोलतो, निर्णय घेतो आणि गोष्ट तशी वळते. गेम अंतराळातला आहे, पण विज्ञानाचा नाही. यानं उडतात ती मंत्रानं. लोर म्हणजे त्या जगाची पूर्वपीठिका. कोणतं कुळ कुठून आलं, कुणाचं कुणाशी वैर, कोणत्या देवाला कोणता नैवेद्य. हे सगळं एका मोठ्या फाइलमध्ये असतं. तिला बायबल म्हणतात. ती फाइल माझ्या ताब्यात असते. मला विचारल्याशिवाय चित्रकाराला टोपीचा रंग बदलता येत नाही आणि लेखकाला कुणाचा पणजोबा मारता येत नाही.

आमच्या जगात एक ग्रह आहे आणि त्याला बारा चंद्र. प्रत्येक चंद्रावर एक कुळ. ही कुळं तेजमेंढ्या पाळतात. तेजमेंढ्या चंद्राची धूळ चरतात, त्यांच्या लोकरीची शिडं विणतात आणि त्या शिडांवर यानं चालतात. पहिल्या गेमच्या शेवटी सातवा चंद्र, म्हणजे दीपकुळाचा, खेळणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काळा पडतो. कुणी विझवला हे सांगितलेलं नाही. ते दुसऱ्या भागात कळणार.

दुसऱ्या भागाचा आम्ही अर्ध्या मिनिटाचा टीझर सोडला होता. फॅन लोकांना तेवढं पुरतं. टीझरमध्ये एक दगड दिसला तर त्या दगडाच्या आजोबापर्यंत जातात. कोण कुणाचा मुलगा, कोण मेलेलाच नाही, कोणत्या देवळामागे दार आहे. याला थिअरी म्हणतात. चंद्र कुणी विझवला यावर शेकड्यांनी थिअरी होत्या. खरं उत्तर माझ्या फाइलमध्ये होतं. सूर्यभक्षक. बाहेरून आलेली एक काळी शक्ती, जी उजेड खाते. त्यावर मी दोन वर्षं काम केलं होतं. ऑफिसात सगळे त्याला 'छान' म्हणाले होते. आमच्या धंद्यात छान हा वाईट शब्द आहे. गोष्ट आवडली की लोक प्रश्न विचारतात. सूर्यभक्षकाबद्दल कुणी काही विचारलं नाही.

आता खाच. तेजमेंढ्यांच्या कानावर कुळाची खूण असते, ही कल्पना माझी. पाथरीजवळ माझं आजोळ. दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवायचे. प्रत्येक कळपाच्या कानाला वेगळी खाच असायची, तेवढं मला आठवत होतं. पहिल्या गेमच्या वेळी मी अकरा कुळांच्या खुणा नीट विचार करून काढल्या. बारावी राहिली. चित्रकाराचा तिसरा मेसेज आला तेव्हा मी सातव्या कुळाची खूण कॉपी केली, वरच्या कडेला एक खाच वाढवली आणि पाठवून दिली. दोन मिनिटं लागली. पुन्हा तिच्याकडे पाहिलंही नाही.

मी नाही पाहिलं. दुसऱ्या एका बाईनं पाहिलं.

मीटिंग संपताना निखिल सर म्हणाले, "एक फॅन हे ओळखून बसली आहे. मी व्हिडिओ पाहिला. आपल्याकडे आधीची नोंद असेल तर लीगलला अडचण नाही. तुम्ही तो पाहिला नाही ना?"

"नाही," मी म्हणाले.

मी तो तीन वेळा पाहिला होता.

आमच्याकडे नियम आहे. लेखकांनी फॅनच्या थिअरी पाहायच्या नाहीत. पाहिली आणि पुढे आपली गोष्ट तशीच निघाली, तर फॅन म्हणणार माझी कल्पना चोरली. म्हणून थिअरी पाहायचं काम डायरेक्टर आणि फॅन लोकांशी बोलणारी टीम यांचं. लेखकांनी कान-डोळे बंद. नवीन माणूस रुजू झाला की हा नियम मीच समजावते. त्याची स्लाइडसुद्धा मी बनवली आहे.

आणि वर्षभर मी त्या बाईचा एकही व्हिडिओ सोडला नव्हता.

तिचं नाव गोदावरी. देवगाव फाट्यावर तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. ती तिथेच मोबाइल उभा करून बोलते. मागे लॅमिनेशनचं मशीन, पासपोर्ट फोटोसाठी निळा पडदा. मध्येच गिऱ्हाईक येतं, ती थांबते, झेरॉक्स काढून देते आणि वाक्य जिथे सोडलं तिथून पुढे बोलते. एडिटिंग नाही. आणि लोक ऐकतात.

पहिला व्हिडिओ मी ती आमच्या जिल्ह्यातली म्हणून उघडला होता. बंद करता आला नाही. मी स्टुडिओच्या चॅनलवर 'लोर डायरी' करायचे. महिन्याला एक भाग, नीट लिहून, आवाज लावून. माझ्या शेवटच्या भागाखाली एकच कॉमेंट होती, 'आवाज कमी येतोय'. हिच्या प्रत्येक व्हिडिओखाली लोक एकमेकांशी भांडत होते. जग मी बनवलं. वस्ती हिच्याकडे.

त्या खाचेच्या व्हिडिओतलं तिचं बोलणं मला पाठ झालं होतं.

"राम राम मंडळी. आज सातव्या चंद्राचं बोलायचंय. लय जण म्हणायलेत, चंद्र इझवला. आवं, इझवला कशावरून? आधी कान बगा. दीपकुळाच्या मेंढराला दोन खाचा. धूम्रकुळाच्या मेंढराला बी त्याच दोन, अन् वर एक जादा. आमच्यात भाऊ येगळे निघाले की थोरल्याची खूण तीच ऱ्हाती, अन् धाकटा तिच्यात एक खाच वाढवतो. मंजी हे दुश्मन न्हाईत. सख्खे भाऊ हायेत. अन् भाऊ येगळे निघाले की काय व्हतं? वाटणी. मेंढरं वाटली, लोकर वाटली. मग धाकटा म्हणला असंल, उजेड बी वाटा. आता उजेड अर्धा कसा करावा? थोरल्यानं सगळा दिला. चंद्र कुणी इझवला न्हाई, मंडळी. दिला."

पुढे पुरावा म्हणून ती धूम्रकुळाच्या एका झोपडीतला दिवा दाखवते. "तेल न्हाई, वात न्हाई, तरी दिवा जळायलाय. तो थोरल्याचा उजेड हाय."

तो दिवा म्हणजे बग होता. बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. प्रोग्रामर दिव्यात तेल घालायचं विसरला होता.

माझी चूक आणि त्याची चूक, दोन चुका उचलून तिनं त्यांत माणसं बसवली होती. आणि माझ्या दोन वर्षांच्या कामाला लोक छान म्हणत होते. पहिल्यांदा तो व्हिडिओ पाहिला तेव्हा मी लॅपटॉप बंद करून कपाट आवरायला घेतलं. सगळ्या साड्या काढल्या, पुन्हा तशाच ठेवल्या. मला राग तिचा नव्हता आला. हे मला का सुचलं नाही, याचा आला होता. मग तिचाही आला.

तर आता सोमवार होता आणि शुक्रवारपर्यंत वहीचं पान पाठवायचं होतं. त्याचा अर्थ मला नीट कळत होता. पान गेलं की गोष्ट आधीपासून माझी ठरणार. दुसरा भाग तिच्यावर उभा राहणार आणि कथा म्हणून माझं नाव येणार. गोदावरी ठरणार एक हुशार फॅन, जिनं बरोबर ओळखलं. पान गेलं नाही तर मी बॉसशी खोटं बोललेली, नियम मोडलेली, आणि सूर्यभक्षकाला कवटाळून बसलेली बाई.

बायबलमध्ये काही घुसवता येत नाही. त्या फाइलला प्रत्येक बदलाची तारीख चिकटते. वहीला चिकटत नाही. पहिल्या गेमच्या वेळची वही कपाटात होती. तिच्यात मधे एक अर्धं पान कोरं होतं. मी जुन्या नोंदींसारखंच निळं पेन शोधलं आणि 'दीपकुळ, धूम्रकुळ: मूळ एक' एवढं लिहिलं.

पुढे अडलं. भाऊ वेगळे होताना नेमकं काय करतात? खाच कोण मारतं? कोणत्या कानाला? कुठल्या दिवशी? पान खरं वाटायचं तर हे बारकावे हवे होते. मामा गेले, त्यांचं शेतही गेलं. नेटवर काही नव्हतं. माहिती असलेली एकच बाई माझ्या ओळखीची होती, आणि तिला मी ओळखत नव्हते.

बुधवारी सुट्टी टाकली. रेल्वेनं सेलू, तिथून जीपनं देवगाव फाटा. गिऱ्हाईक म्हणून जायचं, गप्पांत विचारून घ्यायचं आणि परतायचं, असा बेत होता. याला चोरी म्हणतात हे मला माहीत होतं. सेलूपर्यंत मी त्याला संशोधन म्हटलं.

दुकानात एक आजोबा मशीनवर अंगठा ठेवून उभे होते. गोदावरी व्हिडिओत दिसते त्यापेक्षा बुटकी आहे. तिशीची असेल.

"आजोबा, अंगठा पुसा. तंबाखू लागलाय. मशीन तंबाखू खात न्हाई."

"मग काय खाती?"

"माझं डोस्कं."

आजोबांचं काम झालं. मी कार्ड पुढे केलं. "आधारची झेरॉक्स. दोन्ही बाजूंनी."

तिचा हात तसाच थांबला. "बाई, पुन्ना म्हणा."

"काय?"

"दोन्ही बाजूंनी, म्हणा."

"दोन्ही बाजूंनी."

"आगं बया!" ती स्टुलावरून उठलीच. "तुमी लोर डायरीवाल्या! आवाज वळखला मी. परभणीच्या हाव तुमी? आन् मला वाटलं पुण्याच्या! बसा, बसा की. आत्याबाई, चहा ठेवा वं, आपल्या गेमवाल्या बाई आल्यात!"

बेत तिथेच संपला. मी बसले.

तिनं माझे सगळे भाग ऐकले होते. नुसते ऐकले नव्हते, वही केली होती. कोणत्या भागात कोणतं कुळ, कुठे मी दोन वेगळ्या गोष्टी बोलले, सगळं. "सवाष्णीचा चंद्र तुमी चौथ्या भागात नववा म्हणला अन् आठव्यात दहावा," ती म्हणाली. बरोबर होतं. आमच्या टीममध्ये हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. माझ्यासुद्धा.

"अन् खाचांचं मला तुमच्यामुळंच सुचलं, बाई."

"माझ्यामुळे?"

"तुमी म्हणला व्हता की, आमच्या जगात उगंच असं काहीच ठेवलेलं नसतं. मंग मी म्हणलं, खाच तरी उगं कशी आसंल?"

हे वाक्य मी खरंच बोलले होते. ऐकायला बरं वाटतं म्हणून.

मग तिनं सरळ विचारलं. "खरं सांगा, बाई. भाऊच हायेत न्हवं?"

मी म्हणाले, "हो. आधीपासून ठरलेलं होतं."

तिसऱ्यांदा. या वेळी समोर बसून.

मला वाटलं होतं तिचं तोंड पडेल. ती टाळी वाजवून हसली. "मंजी मी बरूबर वळखलं!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. फॅनला एवढंच हवं असतं, आपण ओळखलं ते बरोबर निघावं. गोष्ट कुणाच्या नावावर हे तिच्या मनातही नव्हतं. मी तिची गोष्ट तिच्या हातातून काढून घेत होते आणि ती मला चहा पाजत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. मला हेवा वाटला. जे मिळवायला मी इतकी धडपडत होते ते तिच्याकडे होतं, आणि ते हातातून गेलं तरी तिला चालत होतं.

तिची सासू चहा घेऊन आली. साठीची, काटक. दुकानामागे त्यांचा मेंढ्यांचा वाडा आहे, ती तिथेच असते. मी कामाला लागले.

"मावशी, भाऊ वेगळे होतात तेव्हा नवी खाच कोण मारतं?"

"धाकटा मारतो. त्याची मेंढरं, त्येनंच मारायची."

"एकटा?"

"एकटा कसा? मेंढरू हालतं. थोरला धरतो, धाकटा मारतो. थोरल्यानं धरलं मंजी त्येची राजीखुशी हाय. मंग कुणी काय बोलायचं न्हाई."

मी मनातल्या मनात पानावर लिहून घेतलं. थोरला धरतो, धाकटा मारतो. निखिल सर पुन्हा उभे राहणार होते.

भिंतीवर आमच्या गेमचं पोस्टर होतं, बारा कुळांच्या खुणांचं. गोदावरीनं रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केलं होतं. मी बाराव्या खुणेवर बोट ठेवलं. "ही बघा. अशीच ना?"

सासू जवळ गेली. पदरानं चष्मा पुसला. "ही वर कामून?"

"काय वर?"

"खाच. वरच्या अंगाला कुणी मारतं व्हय? मेंढरू बाभळीत शिरलं की काटा वरून अडकतो, कान टर्रकन फाटतो. खाच खालच्या अंगाला असती. गोदे, बग की, बाकी समद्या खालीच हायेत. ही एकच वर." ती माझ्याकडे वळली. "हे ज्येनं काढलं त्येनं जल्मात मेंढरू धरलं न्हाई. कुणी काढलं वं, बाई?"

 गोदावरीनं पोस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती मंद नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

"चुकून पडली," ती म्हणाली.

चहाच्या कपात बघण्यासारखं काही नव्हतं. मी म्हणाले, "हो."

"मंजी भाऊबिऊ काई नव्हतं."

"नव्हतं."

"दिवा?"

"तेल घालायचं राहिलं."

ती खो खो हसायला लागली. सासूला काही कळेना. "आत्याबाई, मी वरीसभर गावाला सांगायले, अन् हितं काईच नव्हतं!" मग हसणं थांबलं. ती पोस्टरकडे बघत हळूच म्हणाली, "मंग ही गोष्ट तं माझीच झाली की."

"हो," मी म्हणाले.

मी का आले होते ते मग मी सांगून टाकलं. वही, पान, शुक्रवार, सगळं. आता लपवण्यात वेळ गेला असता आणि पाचच्या आत जीप मिळवायची होती. सासूनं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "मंजी सुनंचं मेंढरू न्यायला आल्त्या, कानात तुमची खाच मारून?"

"हो, मावशी."

"चहा घ्या, गार व्हायलाय."

गोदावरी स्टूल ओढून माझ्याजवळ बसली. मग म्हणाली, "तुमच्या नोकरीला धोका हाय का?"

"असू शकतो."

"मंग असं करा. धाडा ते पान. कुणी इचारलं तं मी म्हणीन, बाईंनी आधीच ठरवलं व्हतं. मी नुसतं वळखलं. मला काय, दुसरी सुचंल."

दुसरी सुचंल. हे तिनं सहज म्हटलं, झेरॉक्सचा कागद संपला तर दुसरा रीम आणू तसं.

लोक म्हणतील की तिचा मोठेपणा पाहून माझे डोळे उघडले. तसं काही झालं नाही. मला ते सहन झालं नाही. चोरी करून आणली असती तर गोष्ट निदान मी मिळवलेली असती. ही मला दान देत होती, आणि वर दुसरीही सुचणार होती. तिच्या दानावर माझं नाव गेममध्ये झळकणार आणि मी जन्मभर ते पाहणार. त्यापेक्षा मेमो घेतलेला बरा.

"नको," मी म्हणाले. "कार्ड द्या माझं."

"झेरॉक्स?"

"ती पण."

सेलूच्या प्लॅटफॉर्मवर गाडी यायला वेळ होता. तिथेच बाकावर बसून मी मोबाइलवर मेल लिहिली. खाच चुकून पडली. वहीत नोंद नाही. थिअरी मी पाहिली आहे, वर्षभर पाहते आहे. कल्पना पूर्णपणे त्या बाईंची आहे. त्यांचा नंबर सोबत. सात-आठ ओळी झाल्या. विशेषणं काढली आणि पाठवून दिली.

निखिल सरांचा व्हिडिओ कॉल शुक्रवारी आला. या वेळी ते बसलेले होते.

"मॅडम, तुम्ही माझ्याशी खोटं बोललात."

"हो, सर."

"दोनदा."

"तुमच्याशी दोनदा. तिच्याशी एकदा."

"का?"

याचं खरं उत्तर ऑफिसच्या कॉलवर देता येण्यासारखं नव्हतं. मी म्हणाले, "सूर्यभक्षक चांगला नाही, सर."

ते खुर्चीत मागे टेकले. "नाही," म्हणाले. "आम्हाला कसं सांगावं कळत नव्हतं."

दोन वर्षांत मला मिळालेला हा पहिला खरा अभिप्राय.

पुढचं लीगलच्या मॅडमनी ठरवलं. तिची गोष्ट वापरायची असेल तर तिच्याशी रीतसर करार करा, नाहीतर त्या गोष्टीच्या जवळपासही जाऊ नका. मी ती पाहिल्यामुळे मधला रस्ता उरला नव्हता. करार झाला. गोदावरी दुसऱ्या भागाची कथालेखक. सूर्यभक्षक डिलीट. मला लेखी समज मिळाली आणि लीड हे पद गेलं. आता मी लोर एडिटर आहे. म्हणजे ती लिहिते आणि मी तपासते.

खरं तर ती लिहीत नाही. टाइप करायला तिला कंटाळा येतो. दुकानातून व्हॉइस मेसेज पाठवते, मध्ये गिऱ्हाईक असतं, लॅमिनेशनची घरघर असते. ते ऐकून मी उतरवते. पहिल्या मसुद्यात मी सदतीस चुका काढल्या. खोटं कशाला बोलू, एकेक काढताना बरं वाटत होतं. कुठे चंद्राचा क्रमांक, कुठे मेलेला माणूस पुन्हा बोलतोय. छत्तीस तिनं एका फोनमध्ये मान्य केल्या. "बरूबर हाय, बाई. तुमी लय बारीक बगता."

सदतिसावी खाच होती. तिच्या सासूबाई म्हणाल्या तशी मी ती खालच्या कडेला नेली होती. चित्रकाराला कळवलं होतं. पहिल्या गेममधलीही अपडेटमध्ये दुरुस्त करू म्हटलं होतं. माझी चूक मी निस्तरत होते. यात कुणाला आक्षेप असेल असं वाटलं नव्हतं.

"ती तेवढी वरच राहू द्या," गोदावरी म्हणाली.

"वर चुकीची आहे. तुमच्या आत्याबाईच म्हणाल्या."

"चुकीचीच हाय. आत्याबाई म्हणल्या तवापून माझ्या डोस्क्यात तेच फिरायलंय. थोरला धरतो, धाकटा मारतो, हाय का न्हाई? मंग वर कशी पडली? त्या दिवशी थोरला धरायला आला न्हाई, बाई. धाकट्यानं एकट्यानं मारली. मेंढरू हाललं, खाच वर गेली. तवापून त्येच्या कुळात समदे तशीच मारतात. कान फाटतात, तरी मारतात. अन् थोरल्याला हे मागून कळलं. म्हणून तं त्येनं समदा उजेड दिला. धरायला गेला नव्हता म्हणून."

मागे कुणीतरी दोन प्रती मागितल्या. ती म्हणाली, "थांबा, काका."

 मी डायनिंग टेबलाशी बसले होते. बायबल उघडं होतं. चित्रकाराला 'खाच पूर्वीसारखी वरच ठेवा' असा मेसेज टाकला. मग धूम्रकुळाच्या पानावर तिचं बोलणं शब्दशः टाइप केलं. दोन मिनिटं लागली. फाइलनं तारीख चिकटवली आणि शेजारी नाव आलं ते माझं, कारण टाइप मी केलं होतं. मी ते नाव काढलं आणि तिचं घातलं.

त्या दिवशी कपाट आवरलं नाही. आवरलेलंच होतं.

नवीन लेखक रुजू झाले की फॅन थिअरीचा नियम अजूनही मीच समजावते. स्लाइड तीच आहे. 'कारण: कायदेशीर अडचण' असं तिच्यावर लिहिलंय, ते मी बदललेलं नाही. दुसरं कारण तोंडी सांगते. समोरच्याची गोष्ट आपल्यापेक्षा चांगली निघाली, तर बरेच दिवस काम होत नाही. मुलं हसतात. त्यांना वाटतं बाई गंमत करतात.